खोलीत घड्याळ नव्हतं

"आत्या, एक विचारू का? राग नका मानू. तुमच्या खोलीत घड्याळ हाय का?"

मी भाकरीचं पीठ मळत होते आणि फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला होता. विचारणारी पोरगी आणे गावची, माझ्या माहेरच्या शेजारची. तिच्या घराची आणि माझ्या भावाच्या घराची भिंत एकच, त्यामुळे ती जन्मली तेव्हापासून मी तिची आत्या. तिला जन्मापासून दिसत नाही. वय तेवीस, बीए झालेली, आणि सरकारी क्लार्कच्या परीक्षेला बसायचंच म्हणून हट्टाला पेटलेली. त्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक मी इकडे डिंगोऱ्यात, माझ्या सासरी बसून वाचत होते, कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करत होते आणि एकेक प्रकरण तिच्या फोनवर पाठवत होते. एकूण छत्तीस प्रकरणं होती. त्यातली अकरा पाठवून झाली होती.

"घड्याळ कुटलं," मी म्हटलं. "बाजरीची पोती हायत फकस्त."

"मग टक टक काय वाजतंय? तुमी वाचता तवा सारखं वाजतं. मी दुप्पट स्पीडनं ऐकते ना, मग लईच टोचतं कानाला."

"कधीपासून?"

"पयल्या प्रकरणापासून."

"अकरा प्रकरणं ऐकलीस आन् आता सांगती व्हय?"

ती हळूच म्हणाली, "तुमी फुकट वाचता, आत्या. त्यात मी कुटं खोड काढू? आई म्हणती, धर्माची गाय अन् दात का गं न्हाई, असं करू नये मानसानं."

पिठाचे हात तसेच राहिले. मला राग आला, आणि तो नेमका कुणाचा हे कळायला थोडा वेळ लागला. पोरीचा नव्हता. तिच्या आईचाही नव्हता, कारण ती बिचारी लोकांनी दिलेल्यात भागवत आली होती. या पोरीला आजवर सगळं उरलंसुरलं मिळत आलंय. गेल्या साली निकालात निघालेली पुस्तकं, पानं फाटलेली गाइडं, परीक्षेत तिची उत्तरं लिहून घ्यायला धड जोडाक्षर लिहिता न येणारी पोरं. आणि प्रत्येक वेळी तिनं वर 'लई उपकार झाले' म्हणायचं. माझ्याकडूनही तिला टक टक लागलेलं पुस्तकच मिळालं होतं, आणि तिनं ते दात न मोजता घेतलं होतं. राग आला तो माझा मला.

भाकऱ्या झाल्या आणि मी मागच्या खोलीत जाऊन बसले.

ही मागची खोली म्हणजे आमचं धान्याचं कोठार. कॉम्प्युटर तिथं गेला कारण तो दुसरीकडे कुणाला नको होता. लॉकडाऊनमध्ये पोरांच्या शाळेसाठी घेतलेला, पोरं पुण्याला शिकायला गेली आणि तो माझ्या वाट्याला आला. सुरुवातीला मी मोबाइलवरच वाचून पाठवायचे. पण त्यात माझ्यापेक्षा म्हैस जास्त ऐकू यायची. म्हणून चांगला माईक घेतला, आणि माईक कॉम्प्युटरला जोडायचा तर मध्ये एक डबा लागतो म्हणे, तो घेतला. वीतभर लांबीचा काळा डबा. एका बाजूनं माईकची जाड वायर त्यात जाते, दुसऱ्या बाजूनं यूएसबीची वायर निघून कॉम्प्युटरला लागते, आणि पुढे कानाला लावायच्या हेडफोनचं भोक. इंग्रजीत त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. आमच्या घरात सगळे त्याला डबाच म्हणतात. भिंतीला बाजरीची पोती, खिडकीला जुनी गोधडी, त्यामुळे खोलीत आवाज घुमत नाही. पुण्यात याच कामासाठी भिंतीला स्पंज लावतात म्हणे. आमची बाजरी वर्षभर खाता तरी येते.

वाचायची वेळ पहाटे पाच ते साडेसहा. त्यानंतर घर जागं होतं, समोरच्या हायवेवर ट्रक सुरू होतात, मिक्सर, टीव्ही, दारावर भंगारवाला. दिवसा वाचून पाहिलं होतं. एका पानात तीन हॉर्न आले.

आता एक कबुली देते. अकरा प्रकरणं रेकॉर्ड केली पण त्यातलं एकही मी नंतर ऐकलं नव्हतं. आपलाच आवाज ऐकायची मला लाज वाटायची. शाळेत कविता म्हणायला उभं केलं तेव्हाही वाटायची, पन्नाशी जवळ आली तरी गेली नव्हती. त्या दिवशी लाज बाजूला ठेवली आणि पहिलं प्रकरण लावलं. पंचायत राज व्यवस्था. माझा आवाज, आणि त्याच्या मागं बारीक, कोरडं, टक. टक. टक. एकदा ऐकू आल्यावर दुसरं काही ऐकूच येईना. स्क्रीनवर आवाजाची जी रेघ दिसते ती मोठी करून पाहिली, तर टोमॅटोच्या वावरात काठ्या रोवाव्यात तशा सारख्या अंतरावर उभ्या रेघा.

मी ते अंतर मोजलं. एक सेकंद आणि वर थोडं. घड्याळ असतं तर बरोब्बर एक सेकंद निघालं असतं. म्हणजे घड्याळ नाही, हे निदान सिद्ध झालं, आणि मला उगाचच विजय मिळाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या पहाटेपासून मी त्या डब्याच्या मागे लागले. पाच वाजता हेडफोन लावले, तर टक टक आहेच. माईक काढून ठेवला, नुसता डबा कॉम्प्युटरला ठेवला, तरी टक. म्हणजे खोलीतला आवाज नव्हे, वायरीतून येतोय. यूएसबीची वायर बदलली. पुढच्या भोकातून काढून मागच्या भोकात घातली. इंटरनेटवर कुणी म्हणालं ड्रायव्हर काढून पुन्हा टाका, काढला, टाकला. कुणी म्हणालं सेटिंगमध्ये अमुक आकडा अमुक करा. केला, तर माझा आवाज किनरा झाला आणि टक मात्र तशीच ठणठणीत. तो आकडा परत होता तिथं आणला. सकाळी नऊ वाजता नवऱ्याला बोलावलं, म्हटलं ऐका. त्यांनी हेडफोन लावले, डोळे मिटले, पाच मिनिटं ऐकलं.

"काय न्हाई वाजत," ते म्हणाले.

मी लावले. खरंच काही वाजत नव्हतं.

पुढचे आठ दिवस हाच खेळ. पहाटे टक टक, आणि दिवसा कुणाला ऐकवायला जावं तर डबा साळसूद. रेकॉर्डिंग ऐकवलं तर म्हणायचे, ते तवा वाजलं असंल, आता कुटं वाजतंय? मी खोटं बोलतेय असं कुणी म्हणालं नाही. पण 'डॉक्टरला कान दाखव' असं नवरा दोनदा म्हणाला. कान दाखवायला माझी ना नव्हती, पण रेकॉर्डिंगला काय कान असतात?

डबा पिशवीत घातला आणि एसटीनं आळेफाट्याला गेले, जिथून घेतला होता त्या दुकानात. दुकान जुन्या कापडवाल्या जैन घराण्यातलं. आजोबा लुगडी विकायचे, नातू कॉम्प्युटर विकतो, आणि बोलायला गोड तेवढाच. त्यानं स्वतःच्या लॅपटॉपला डबा लावला, मला हेडफोन दिले, वरून चहा मागवला. एवढी शांतता मी त्या डब्यातून कधी ऐकली नव्हती.

"ताई, पीस एकदम ओके आहे," तो म्हणाला. "तुमच्या घरच्या लाइटचा प्रॉब्लेम. गावाकडं असं चालायचंच."

"चालायचंच म्हंजी?"

"म्हणजे तुम्ही काही रेडिओ स्टेशन नाही चालवत. घरगुती आहे ना? एवढं क्लीन कशाला लागतं?"

तो वाईट हेतूनं बोलला नाही, हे मला ठाऊक आहे. पण चहा मी तसाच ठेवला. गावाकडं आहे म्हणून चालायचंच. घरगुती आहे म्हणून चालायचंच. आंधळी आहे, फुकट आहे, बाईमाणूस वाचतंय, चालायचंच. हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून किती वर्षं ऐकलंय. शाळेला छप्पर नाही, चालायचंच. नळाला गढूळ पाणी, चालायचंच. मी त्याला म्हटलं, "आमाला न्हाई चालत," आणि डबा पिशवीत घालून फाट्यावर एसटीची वाट बघत उभी राहिले. गाडी दीड तास आली नाही. त्या दीड तासात माझा निश्चय आणखी पक्का झाला, एवढाच त्या उशिराचा उपयोग.

घरी आल्यावर दुसरा संशय मोटारींवर. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. गावच्या वायरमननं सांगितलं, पहाटे सगळ्यांच्या मोटारी चालतात, त्याचं सगळं. पटण्यासारखं होतं. मी वहीत लिहायला लागले. अमुक पहाट, मोटारी चालू, टक आहे. अमुक पहाट, लाइटची पाळी दिवसाची, मोटारी बंद, टक आहे. चौदा ओळी झाल्या आणि मोटारी निर्दोष सुटल्या. मी डब्याला शिव्या दिल्या, वायरीला दिल्या, कॉम्प्युटर बनवणाऱ्याला दिल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललं होतं, पण चोर दिसतच नव्हता.

इकडे पोरीच्या परीक्षेला सात आठवडे उरले होते. बाकीची पंचवीस प्रकरणं मी थांबवून ठेवली होती. तिनं फोन केला.

"आत्या, तसंच पाठवा. मला चालंल."

"मला न्हाई चालायचं," मी म्हटलं.

"मग ह्या टायमाला ऱ्हाऊ द्या. पुढच्या साली देते परीक्षा. घाई न्हाई."

घाई नाही असं ती म्हणाली, आणि मला ठाऊक होतं की घरात तिच्या आईनं विचारायला सुरुवात केलीय, किती वर्षं नुसती कानात वायर घालून बसणार. ही परीक्षा गेली असती तर पुढच्या साली पोरीनं पुस्तकाचं नाव काढलं नसतं. आईनं तिला मजुरीवर रांगोळीच्या पुड्या भरायला बसवलं असतं.

आणि मग एका सकाळी, सहा वाजून दहा मिनिटांनी, टक थांबली.

मी हेडफोन लावूनच बसले होते, वाचत नव्हते, नुसती ऐकत होते. टक, टक, आणि मग काहीच नाही. मी श्वास धरून बसले. एक मिनिट, दोन मिनिटं. हेडफोन काढून तशीच उठले आणि बाहेर गेले, की या घटकेला घरात, अंगणात काय बदललं ते बघू. गोठ्यापाशी जनावरांचा डॉक्टर मोटरसायकल लावत होता. म्हैस दोन दिवस चारा खात नव्हती म्हणून धाकट्या दिरानं त्याला लवकर बोलावलं होतं. आणि डॉक्टरला आत घ्यायचं म्हणून दिरानं कुंपणाचं मशीन बंद केलं होतं.

हे मशीन सांगायला हवं. गेल्या साली उसातून बिबट्या आला आणि आमची कालवड घेऊन गेला. तेव्हापासून दिरानं घर आणि गोठा मिळून सगळ्या आवाराला तारेचं कुंपण केलं आणि त्याला सोलरचं झटका मशीन बसवलं. मशीन दर सेकंदा-दीड सेकंदाला तारेत एक झटका सोडतं. जनावर शिवलं की दचकून पळतं, मरत नाही. दिवस मावळला की दीर मशीन चालू करतो, आणि सकाळी सात वाजता डेअरीला दूध घेऊन निघताना बंद करतो. सात वाजता. माझं वाचन संपून अर्धा तास झाल्यावर. दर सेकंदा-दीड सेकंदाला एक झटका. मी अंगणात उभी राहून स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि मी आळेफाट्याला वळसा घालून आले होते.

डॉक्टर गेल्यावर मी दिराला म्हटलं, "भावजी, मशीन चालू करा."

"आता? दिस उगावला वैनी."

"करा तर खरं. मी आतून वरडले की बंद करा, परत वरडले की चालू."

सात वेळा ओरडले. सात वेळा टक आली आणि सात वेळा गेली. मग दिराला आत नेऊन खुर्चीवर बसवलं, त्याच्या कानाला हेडफोन लावले आणि नवऱ्याला मशीनपाशी उभं केलं. दिराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण हार मानेल तो दीर कसला.

"पन वैनी, माझ्या तारंचा अन् तुमच्या कम्प्युटरचा संबंध काय? कुटं एकीला एक शिवती का?"

शिवत होती. मशीनपासून एक हिरवी वायर भिंतीच्या कडेनं, न्हाणीच्या मागं गेली होती. तिथं आमच्या घराच्या अर्थिंगचा खड्डा. घरातल्या सगळ्या सॉकेटांचं अर्थिंग, कॉम्प्युटरचंसुद्धा, त्याच खड्ड्यातल्या पाइपाला. झटका मशीनलाही अर्थिंग लागतं, आणि दिरानं ती हिरवी वायर त्याच पाइपाला पिळा मारून बांधली होती. प्रत्येक झटक्याला पाइप दचकायचा आणि तो धक्का वायरीतून उलटा माझ्या डब्यात यायचा.

"न्हाणीचं पानी पडतंय तितं," दीर म्हणाला. "वल कायम. अशी अर्थिंग आख्ख्या डिंगोऱ्यात न्हाई. एका खड्ड्यात दोन कामं केली मी." आणि तो हे कौतुकानंच सांगत होता.

गोठ्यात खुंटीला मशीनच्या माहितीचं पत्रक प्लॅस्टिकच्या पिशवीत टांगलेलं होतं. घडीसुद्धा मोडली नव्हती. मी ते उघडलं आणि दिरासमोर, प्रकरणं वाचते तशा आवाजात, स्पष्ट वाचलं. मशीनचे अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून किमान तीस फूट लांब, स्वतंत्र करावे.

"कंपनीवालं काय, कायबी छापत्यात," दीर म्हणाला. "आन् मशीन हलायचं न्हाई. माझी लेकरं अंगणात खेळत्यात."

"मशीन हलवा आसं मी म्हणलंच न्हाई. लेकरं मला न्हाईत का? खड्डा दुसरा घ्या, एवढंच म्हणते."

"घिऊ की. कांदा निघू द्या."

कांदा निघायला महिना होता. आमच्या घरात 'कांदा निघू द्या' याचा अर्थ सगळ्यांना कळतो. माझं माहेरपण, पोरांचे दात, गळकं पत्र्याचं छप्पर, सगळं कांदा निघेपर्यंत थांबलेलं असतं, आणि कांदा निघाला की सोयाबीन येतं.

दुसऱ्या दिवशी सगळे वावरात गेल्यावर मी पदर खोचला, पहार, टिकाव आणि घमेलं घेतलं आणि गोठ्याच्या पलीकडं, जनावरांच्या पाण्याच्या हौदाजवळ खणायला लागले. न्हाणीपासून पावलांनी मोजलं, चाळीस फूट. हौद सांडतो म्हणून वरची वीतभर माती मऊ, आणि खाली मुरूम. पहार मारली की हाताला मुंग्या यायच्या. तासाभरात गुडघाभर झालं. नवरा फवारणीचा पंप न्यायला घरी आला आणि बघतच राहिला.

"अगं, मानसं काय म्हणतील?"

"म्हणतील खड्डा खणती."

"मी सांगतो ना त्याला."

"कांदा निघाल्यावर?"

ते गेले. वाटलं होतं, पंप ठेवून टिकाव घेतील. घेतला नाही. याचं मला वाईट वाटलं, आणि अजून वाटतं, म्हणून इथं लिहून ठेवते. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं विचारलं, "वैनी, हंडा सापडला का?" मी म्हटलं, सापडला की वाटा देईन, आता वाटंला लागा. कमरेइतका खड्डा व्हायला दोन दिवस गेले. बोअरचा उरलेला लोखंडी पाइप त्यात उभा केला, चुलीतला कोळसा फोडून टाकला, दोन किलो खडे मीठ टाकलं, माती लोटली आणि चार बादल्या पाणी ओतलं. तळहाताला फोड आले होते. भाकरी थापताना ते फुटले.

संध्याकाळी दिरानं पाइप बघितला. पक्कड आणली, मशीन बंद केलं, पाइप घासून चकचकीत केला आणि नवी वायर अशी नीट आवळली की वायरमननंही तशी आवळली नसती. माझ्या हातून जोड कच्चा राहिला असता, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. मला वाटलं, झालं.

पहाटे हेडफोन लावले. टक. टक. टक.

त्या क्षणी मी रडले. पोत्याला टेकून, चांगली हुंदके देऊन रडले. मग तोंड धुतलं आणि उजाडल्यावर पुन्हा त्या हिरव्या वायरीच्या मागं गेले. न्हाणीच्या मागं जुना पिळा जसाच्या तसा होता. दिरानं नवा पाइप जोडला होता आणि जुनाही ठेवला होता.

"जुना का ठिवला?"

"दोन असल्यावर काय बिघडलं? जास्ती अर्थिंग, जास्ती झटका."

"भावजी, मशीन बंद करा."

"का?"

"बंद करा म्हणते ना."

त्यानं बंद केलं. मी त्याच्या हातातली पक्कड घेतली, न्हाणीमागं गेले आणि ती हिरवी वायर पाइपापाशी तोडली. तोडून, गुंडाळून, त्याच्या हातात दिली. एवढ्या वर्षांत मी त्याच्या कामाला कधी हात लावला नव्हता. तो वायरीकडं बघत राहिला, मग मशीन चालू केलं आणि तारेला टेस्टर लावला. पुन्हा लावला. झटका पहिल्यापेक्षा जोरदार बसत होता, कारण हौदाकडची जमीन न्हाणीपेक्षा ओली. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मी म्हणतच व्हतो, हौदाकडं घिऊ म्हणून." आता तो शेजारच्या वस्तीवर सगळ्यांना हेच सांगतो, मशीनचं अर्थिंग घरापासून लांब पाहिजे राव, तीस फूट तरी. सांगू दे. ऐकणाऱ्यांचं भलं होतंय.

पुढल्या पहाटे पाच वाजता डब्यातून काही म्हणजे काही आलं नाही. डबा पहिल्या दिवसापासून चांगला होता. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली आणि पुस्तक उघडलं. पान पहिलं, प्रकरण पहिलं.

"ती अकरा तिनं ऐकलीत की," नवरा म्हणाला. "पुढची वाच."

"ती ऐकली न्हाईत, सोसली."

सगळी छत्तीस वाचली. घसा बसला तेव्हा हळद-दूध घेऊन वाचली. घरात पावणे आले होते तेव्हा त्यांच्या चहाआधी वाचली. शेवटचं प्रकरण परीक्षेच्या आठ दिवस आधी गेलं. प्रत्येक प्रकरण पाठवण्याआधी मी स्वतः ऐकायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि कुठं अडखळले असेन तर तेवढं पुन्हा. माझ्या आवाजाची लाज त्यात कधी गेली ते कळलं नाही. पोरगी ऐकत होती, पण बोलत फारसं नव्हती. 'मिळालं आत्या' एवढंच लिहायची. मी म्हटलं, असू दे, अभ्यास चाललाय.

निकाल अजून लागलेला नाही. मी हे त्याआधीच लिहून ठेवतेय, मुद्दाम. निकाल लागल्यावर लोक म्हणतील, झाली की नाही पास, किंवा म्हणतील, बघ, काय उपयोग झाला. दोन्ही मला ऐकायचं नाही.

परीक्षा नगरला होती. संध्याकाळी तिचा फोन आला, गाडीतूनच, मागं कंडक्टरचा आवाज. मी विचारलं, कसा गेला पेपर. तिनं त्याचं उत्तरच दिलं नाही.

"आत्या, मला प्रश्न वाचून दाखवायला एक मॅडम दिल्या व्हत्या. लई भराभरा वाचायच्या. अर्धं गिळायच्या, परत विचारलं की वैतागायच्या. पाच प्रश्न तसंच झालं."

"मग?"

"मग मी हात वर केला. सर आले. म्हणाले, सगळ्यांना असंच हाय, घे सांभाळून. मी म्हणलं, न्हाई घेणार सांभाळून. पेपर माझा हाय. मला नीट वाचलेलं ऐकायची सवय हाय, ह्यांना नीट वाचायला सांगा."

मी विचारलं, "आन् मग?"

"मग वाचलं की त्यांनी. सावकाश, एकेक शब्द."